साडेचार वर्षांच्या बोक्यासाठी कोरडे खाद्य: पाकिटावर नेमके काय पाहावे?

प्रश्न: खाडीकाठ (देवगड)

नमस्कार. आमच्या घरी साडेचार वर्षांचा एक बोका आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची नसबंदी केली, आणि तेव्हापासून तो खळे व पडवी सोडून फारसा कोठे जात नाही. नसबंदीच्या वेळी त्याचे वजन ४.३ किलो होते. गेल्या रविवारी मी त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले आणि नंतर माझे वजन वजा केले, तेव्हा ते ५.४ किलो भरले.

आजवर त्याचे पोट घरात येणाऱ्या मासळीवरच भरत आले आहे. बांगडा, तारली, मांदेली, जे काही आमच्यासाठी आणले जाते त्याची डोकी, शेपट्या आणि आतडी सासूबाई विळीजवळच त्याला घालतात, आणि दुपारी उरलेला भात माशाच्या आमटीत कुस्करून देतात. १ जूनला यांत्रिक नौकांची मासेमारी बंद झाली की हे सारे थांबते. गेल्या पावसाळ्यात आम्ही त्याला सुका बांगडा आणि सुकट भिजवून दिली. तो ती आवडीने खाई, पण मग दिवसभर पाण्याच्या भांड्याशी बसलेला दिसे, आणि ते मला बरे वाटले नाही. म्हणून यंदा मे महिन्यातच चांगल्या कोरड्या खाद्याची सवय लावावी, असे ठरवले आहे.

दुकानात गेल्यावर मात्र माझा गोंधळ उडाला. एका पाकिटावर प्रथिने ३० टक्के लिहिली होती, दुसऱ्यावर ३६ टक्के, आणि दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या अडीचपट होती. एकावर समुद्री माशाचे मोठे चित्र होते, तर एकावर ‘धान्यविरहित’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. सात किलोची पिशवी घेतलीत तर पावसाळाभर पुरेल आणि किलोमागे स्वस्तही पडेल, असे दुकानदाराचे म्हणणे पडले. पावसाळ्याची बेगमी करण्याची आम्हां सर्वांना सवय असल्याने मलाही ते पटू लागले होते. तरी पाकीट निवडताना काय पाहावे, रोज किती द्यावे आणि मासळी पूर्णपणे बंद करावी का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: पशुवैद्य (चिपळूण)

आपण वजन करून प्रश्न विचारलात, हे फार चांगले केलेत, कारण आपल्या बोक्याच्या बाबतीत खाद्य कोणते यापेक्षा ते किती, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तरी आधी पाकिटाबद्दल लिहितो.

पाकिटाची दर्शनी बाजू पाहू नका, ते उलटे करा. मागच्या बाजूला सर्वांत आधी एक वाक्य शोधायचे आहे: हे खाद्य प्रौढ मांजरांसाठी ‘संपूर्ण व संतुलित’ आहे, असे स्पष्ट लिहिलेले असावे, आणि ते कोणत्या निकषांवर ठरवले आहे तेही असावे. बहुतेक पाकिटांवर अमेरिकेतील ‘आफ्को’ किंवा युरोपातील ‘फेडियाफ’ यांच्या निकषांचा उल्लेख असतो. या संस्था कोणत्याही खाद्याला मंजुरीचा शिक्का देत नाहीत. त्या फक्त निकष ठरवतात आणि त्यांत आपले खाद्य बसते असे उत्पादक स्वतः सांगतो, हे लक्षात असू द्यावे. ज्या पाकिटावर ‘पूरक खाद्य’ असे लिहिलेले असते, ते रोजचे जेवण म्हणून चालत नाही. ‘सर्व वयांसाठी’ असे लिहिलेले खाद्य पिल्लांनाही पुरेल असे बनवलेले असते, म्हणून ते बहुधा उष्मांकाने जड असते. नसबंदी झालेल्या, पडवीत झोपणाऱ्या बोक्याला त्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट घटकांची यादी. यादीतला क्रम वजनाच्या उतरत्या क्रमाने असतो, आणि ते वजन घटक मिसळतानाचे असते. त्यामुळे ‘ताजी कोंबडी’ पहिली आली म्हणून हुरळून जाऊ नये, कारण ताज्या मांसात सुमारे ७० टक्के पाणी असते आणि दाणे भाजताना ते उडून जाते. ‘चिकन मील’ म्हणजे पाणी व चरबी आधीच काढलेली मांसाची पूड, आणि ती यादीत वर असणे मुळीच वाईट नाही. पहिल्या दोन-तीन घटकांत प्राणिज प्रथिनाचे नाव स्पष्ट असावे. मका, तांदूळ, गव्हाचे ग्लूटेन आणि सोया हेच जर आधी येत असतील, तर ३० टक्क्यांतली बरीच प्रथिने वनस्पतीची आहेत असे समजावे.

आता आपली दोन पाकिटे. पाकिटावर पिठूळ पदार्थांचे प्रमाण सहसा छापत नाहीत, पण ते काढता येते. शंभरातून प्रथिने, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खाद्यातला खनिजांचा अंश) वजा केली की उरते ते साधारण पिष्टमय पदार्थांचे प्रमाण. राखेचा आकडा दिला नसेल तर ८ धरावा. समजा, पहिल्या पाकिटावर प्रथिने ३०, स्निग्धांश १०, तंतू ४ आणि ओलावा १० टक्के आहे, तर पिष्ट ३८ टक्के उरते. दुसऱ्यावर प्रथिने ३६, स्निग्धांश १५, तंतू ३ आणि ओलावा ८ असेल, तर ते ३० टक्के उरते. प्रथिने आणि स्निग्धांश यांचे छापील आकडे किमान असतात, म्हणून हा हिशोब अंदाजाचा आहे, पण दोन पाकिटे शेजारी ठेवून पाहण्यास तो पुरेसा आहे. प्रौढ मांजरासाठी ‘आफ्को’ची किमान मर्यादा कोरड्या अंशावर, म्हणजे ओलावा वगळून, २६ टक्के प्रथिने इतकीच आहे, तेव्हा आपण पाहिलेली दोन्ही पाकिटे ती सहज ओलांडतात. मी स्वतः ३६ टक्क्यांचे घेईन. अडीचपट किंमत परवडत नसेल, तर ३२-३४ टक्क्यांचे आणि आधी मांसाचे नाव असलेले मधले पाकीट शोधेन. ‘धान्यविरहित’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नयेत. धान्य काढून तेथे बटाटा किंवा वाटाणा घातलेला असतो आणि पिष्ट तेवढेच राहते.

टॉरिन या अमिनो आम्लाचा उल्लेख आहे ना, तेही पाहावे. मांजराच्या शरीरात ते पुरेसे बनत नाही. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की मांजरांच्या हृदयाचा स्नायू फुगून दुबळा होण्याचा आजार टॉरिनच्या कमतरतेने होतो आणि ते दिल्यावर सुधारतो. त्यानंतर उत्पादकांनी खाद्यातले प्रमाण वाढवले आणि हा आजार पूर्वीइतका दिसेनासा झाला. कुत्र्याचे खाद्य मांजराला चालत नाही याचे हेही एक कारण आहे. आपल्याकडे घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असले की एकच पिशवी आणली जाते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

प्रमाणाचा हिशोब असा. बोक्याचे योग्य वजन साडेचार किलो धरले, तर त्याला दिवसाला सुमारे २१५ किलोकॅलरी पुरतात. पाकिटावर शंभर ग्रॅमला ३८० किलोकॅलरी लिहिले असेल, तर दिवसाचे दाणे ५७ ग्रॅमच्या आसपास होतात. हे दाणे पसाभर दिसतात, आणि घरातल्या प्रत्येकाला वाटते की एवढ्याने मांजराचे काय होणार. म्हणून वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर सकाळी एकदाच तोलून डब्यात काढून ठेवा आणि दिवसातून तीन-चार वेळा त्यातूनच द्या. वजन आठवड्याला ३० ते ५० ग्रॅमपेक्षा वेगाने उतरू देऊ नये.

मासळी पूर्ण बंद करायला नको, पण कच्ची बंद करावी. तारली ज्या कुळातली, त्या कुळातल्या अनेक माशांच्या कच्च्या अंगात, विशेषतः आतड्यांत, बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकणारे विकर असते. शिजवल्यावर ते निकामी होते. नुसत्या तेलकट माशांवर वाढलेल्या मांजरात ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातल्या चरबीला सूज येते, तेही पाहण्यात येते. आमटीतला कांदा आणि लसूण तर मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून आमटी-भात आजपासूनच थांबवावा. सुकी मासळी मिठाची असते. बोका दिवसभर पाण्याशी का बसत होता, याचे उत्तर त्यातच आहे.

उत्तर: रानमोगरा (रत्नागिरी)

डॉक्टरांनी पाण्याचा उल्लेख ओझरता केला, त्यावर मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण या एका गोष्टीत मी चुकले होते.

माझ्या बोक्याला मी चांगले, महागाचे कोरडे खाद्य देत होते आणि त्याहून काही लागते हे माझ्या मनातही नव्हते. पाण्याची लहान वाटी दाण्यांच्या शेजारीच, चुलीच्या कोपऱ्यात असे. तीन वर्षे सर्व ठीक होते. मग एका जुलैच्या रात्री तो मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसू लागला. बसे, जोर करी, उठे, ट्रेभोवती एक फेरी मारी आणि पुन्हा बसे. मला वाटले की शौचाला होत नसेल, म्हणून मी त्याला एक चमचा एरंडेल देण्याच्या बेतात होते. शेजारच्या वहिनींनी ट्रेमधली माती हाताने चाळून पाहिली आणि म्हणाल्या, “ताई, ही कोरडी ठणठणीत आहे, याला लघवीच होत नाही.” धो धो पावसात रात्री साडेअकराला त्याला टोपलीत घालून दवाखान्यात नेले. मूत्रमार्गात खड्यांचा चुरा अडकला होता. नळी घालून लघवी मोकळी केली, तीन दिवस सलाइन लावले, आणि तो वाचला. सकाळपर्यंत थांबले असते तर कदाचित वाचला नसता, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले.

कोरड्या दाण्यांत पाणी जेमतेम दहा टक्के असते. मांजराचे पूर्वज वाळवंटी मुलखातले असल्याने त्याला तहान कमी लागते, आणि भक्ष्यातूनच पाणी मिळवण्याची त्याच्या शरीराला सवय असते. मासे खाणारे मांजर दाण्यांवर आणले की एवढे पाणी एकदम कमी होते, आणि वाटी भरून ठेवली म्हणून ते तेवढे पाणी आपणहून पिईलच असे नाही. तेव्हापासून मी घरात चार ठिकाणी पाणी ठेवते. भांडी रुंद, पसरट असतात, म्हणजे मिशा काठाला घासत नाहीत, आणि ती दाण्यांपासून व ट्रेपासून लांब असतात. एक भांडे माजघरात, एक पडवीत, एक जिन्याखाली. संध्याकाळचे दाणे मी कोमट पाण्यात भिजवून देते आणि अर्ध्या तासात खाल्ले नाहीत तर टाकून देते, कारण आपल्या हवेत ते लगेच आंबतात.

मासळी असेल त्या दिवशी बांगड्याचा एक तुकडा मीठ, हळद, कोकम काहीही न घालता नुसत्या पाण्यात उकडते. काटे बोटांनी चाचपून काढते, बोटाच्या दोन पेरांएवढा मांसल भाग त्याला देते आणि ते उकडलेले पाणी दाण्यांवर ओतते. त्या पाण्याचा वास आला की तो कोठेही असला तरी धावत येतो, आणि वाटी चाटून पुसून स्वच्छ करतो. एवढे पाणी त्याच्या पोटात एरवी कधीच गेले नसते.

बोका असल्याने हे विशेष सांगते: मादीपेक्षा नराचा मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यामुळे अडथळा त्यालाच अधिक होतो. रोज ट्रे साफ करताना लघवीचे ओले गोळे किती निघतात, याकडे लक्ष ठेवा.

उत्तर: तुळशीवृंदावन (गुहागर)

विषय निघालाच आहे तर एक शंका विचारते. आमचे घर शाकाहारी आहे. मांजर दूध-पोळी आणि दहीभात खाऊन वाढले आहे, आणि बाहेर उंदीर-सरडे धरून खात असावे. मांसाचे घटक घरात आणायला सासऱ्यांचा विरोध आहे. शाकाहारी कोरडे खाद्य मिळाले, तर ते चालेल का?

उत्तर: पशुवैद्य (चिपळूण)

चालणार नाही, असेच मी सांगेन. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिनबद्दल वर लिहिलेच आहे. त्याखेरीज गाजरातल्या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवणे मांजराच्या शरीराला जमत नाही, आणि अ‍ॅराकिडोनिक आम्ल नावाचा एक स्निग्ध घटकही त्याला प्राणिज अन्नातूनच घ्यावा लागतो. आपले मांजर आजवर टिकले, ते आपण म्हणता त्या उंदीर-सरड्यांवर. ते म्हातारे होऊन शिकार सुटली की अडचण होईल. कोरडे दाणे बंद पाकिटात येतात, ते हाताला लागत नाहीत, वेगळी वाटी ठेवून पडवीतच घालता येतात. हे सासऱ्यांना शांतपणे समजावून पाहावे. दूध मात्र कमी करावे, कारण बहुतेक प्रौढ मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब होतात.

उत्तर: बाजारपेठ (कुडाळ)

मी प्राण्यांच्या खाद्याचे दुकान चालवतो, तरीही सात किलोच्या पिशवीला विरोध करतो. हिशोबच करून पाहा. दिवसाला ५७ ग्रॅम म्हणजे सात किलो संपायला १२० दिवसांहून अधिक लागणार, म्हणजे जूनच्या सुरुवातीला फोडलेली पिशवी ऑक्टोबरात संपणार. १.२ किलोचे पाकीट तीन आठवड्यांत संपते, आणि एकदा फोडलेले खाद्य चार ते सहा आठवड्यांत संपवावे, असे मी सर्वांना सांगतो.

दाण्यांवर बाहेरून चरबीचा हात फिरवलेला असतो, त्याच वासाने मांजर ते खाते. हवा लागली की ती चरबी खवट होते. खवट झालेले खोबरे आपल्याला लांबूनही कळते, तसाच तो वास असतो. मांजर आठवडाभर खात असलेले दाणे एकाएकी हुंगून सोडून देऊ लागले, तर ते लाडावले आहे असे समजण्याआधी पिशवीत नाक घालून पाहावे. त्याहून वाईट म्हणजे बुरशी. दमट हवेत मका असलेल्या खाद्यावर जी बुरशी येते, तिचे विष यकृताला इजा करते आणि भाजल्या-उकळल्यानेही जात नाही. वरचे चार दाणे काढून उरलेले वापरणे म्हणूनच धोक्याचे आहे. पिशवीच फेकून द्यावी.

दाणे प्लास्टिकच्या डब्यात ओतून ठेवू नयेत. पिशवी आतून चरबीला व हवेला अडवणारी असते आणि तिच्यावर मुदतीची तारीख व बॅच क्रमांक असतो. तोंड घट्ट दुमडून, चिमटा लावून ती पिशवीच स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. फ्रिजमध्ये ठेवू नये, आतबाहेर करताना तिला घाम सुटतो. मोठ्या पिशवीतून काढून वजनावर सुटे विकलेले खाद्य तर पावसाळ्यात मुळीच घेऊ नये, कारण पिशवी कधी फोडली ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. मुंग्यांसाठी वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवण्याची आपली जुनी पद्धत उत्तम आहे.

प्रतिसाद: खाडीकाठ (देवगड)

सर्वांचे मनापासून आभार. काल १.२ किलोचे पाकीट आणले. त्यावर प्रथिने ३४, स्निग्धांश १२, तंतू ४ आणि ओलावा १० टक्के आहे, म्हणजे राख ८ धरून पिष्ट ३२ टक्के येते. पहिला घटक चिकन मील, दुसरा तांदूळ, आणि टॉरिनचे नाव स्पष्ट आहे. आज सकाळी ५७ ग्रॅम तोलून सासूबाईंना दाखवले. त्या बराच वेळ वाटीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “याच्यापेक्षा जास्त तर मी कावळ्याला घालते.” त्यांना कांद्याचे आणि कच्च्या आतड्यांचे सांगितल्यावर मात्र त्यांनी लगेच ऐकले. मासे चिरून झाल्यावर एक तुकडा बिनमिठाचा उकडण्याचे काम त्यांनीच आपल्याकडे घेतले आहे.

एक अडचण उरली. बोक्याने दाणे हुंगले, पंजाने वाटीभोवतीची जमीन उकरल्यासारखे केले आणि विळीजवळ जाऊन बसला. दुपारपर्यंत त्याने काहीही खाल्ले नाही. भूक लागली की खाईल, असे यजमान म्हणतात. तसे थांबावे का?

उत्तर: पशुवैद्य (चिपळूण)

मुळीच थांबू नका. माणसाला किंवा कुत्र्याला एखादे दिवस उपास घडला तर चालतो, जाड मांजराला चालत नाही. दोन-तीन दिवस काही न खाल्ल्यास अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि त्यातून जिवावर बेतते. आज त्याला नेहमीची मासळी उकडून, काटे काढून पोटभर द्या. उद्यापासून तिच्यात एक चतुर्थांश दाणे, उकडीच्या पाण्यात मऊ करून, बोटांनी मिसळा. तीन दिवसांनी निम्मे करा, आणखी तीन दिवसांनी तीन चतुर्थांश. दहा दिवसांत तो बदल स्वीकारेल. काही मांजरांना तीन आठवडेही लागतात, त्याची घाई करू नये. मे महिना पुरा हाताशी असल्याने आपल्याला तेवढा वेळ आहे. या काळात वजन कमी करण्याचा विचार बाजूला ठेवा. तो दाण्यांवर रुळला की मग तोलून देण्यास सुरुवात करा, आणि सलग २४ तास त्याने तोंडाला काहीच लावले नाही, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी घेऊन जा.